पालथा दगड

२००५ सालच्या फेब्रुवारीत, नाशिकच्या एका महाविद्यालयात भरलेल्या विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात, सातपूरच्या एका फाउंड्रीत तपासणीचे काम करणारे दत्तात्रेय गांगुर्डे यांनी मंगळावरच्या एका दगडाचे छायाचित्र फलकावरून काढले आणि उलटे करून परत लावले. चारही टाचण्या त्यांनी होत्या त्याच भोकांत टोचल्या. विटकरी माती वर गेली, फिकट केशरी आकाश तळाशी आले. शेजारी उभ्या असलेल्या एक शिक्षिका म्हणाल्या, "अहो, आकाश खाली गेलं."

"आकाश राहू द्या बाई. दगडाकडं बघा. घडला तवा असा होता तो."

पुढच्या पाच मिनिटांत दोन स्वयंसेवकांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेले. मी वार्ताहर म्हणून तिथे होतो, आणि त्या दगडाशी माझाही वर्षभराचा परिचय होता.

२००४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या दोन यांत्रिक गाड्या मंगळावर उतरल्या. त्यांनी काढलेली छायाचित्रे इंटरनेटवर कोणालाही पाहता येत. आमच्या हौशी विज्ञान मंडळाचे आम्ही सहा-सात सदस्य दर रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या एका सायबर कॅफेत जमत असू. चित्र वरून खाली, एकेक पट्टी करत उतरायचे. आधी नुसते आकाश यायचे, मग दूरच्या टेकडीची कड, मग रेती, आणि सर्वांत शेवटी एखादा दगड, डोक्यापासून पायापर्यंत. ज्या जमिनीवर कोणाचेही पाऊल उमटलेले नाही, तिथला एक दगड आपल्या डोळ्यांदेखत पडद्यावर उतरतो आहे, या जाणिवेने आमच्यातले बोलके लोकही गप्प होत असत. ती शांतता मला अजून आठवते. ती फार टिकत नसे, हेही आठवते. दगड पूर्ण उतरला की कोणाला त्यात कासव दिसे, कोणाला मुकुट. एका सदस्याला नंदी दिसला. आमच्या दैनिकाने तो नंदी चार कॉलमांत छापला. कोटी कोटी मैल पार करून आलेल्या चित्रात आपण आपल्याच देव्हाऱ्यातले आकार शोधावेत, आणि त्याला अभ्यास म्हणावे?

गांगुर्डे मागच्या खुर्चीवर बसत. त्यांच्या कामाचे स्वरूप असे, की ओतून थंड झालेला लोखंडी भाग हातात घ्यायचा, उलटसुलट करून पाहायचा आणि दोष असेल तर त्यावर लाल रंगाची फुली मारायची. बोलत ते थोडेच. एका रविवारी पडद्यावर काळपट, भोकाभोकांचा एक दगड आला. माथा बऱ्यापैकी गुळगुळीत, खालचा भाग मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. गांगुर्डे खुर्ची सोडून पुढे आले आणि म्हणाले, "ह्यो पालथा पडलाय."

कॅफेचा मालक हसला. "दत्तूभाऊ, मंगळावरचा माल पण रिजेक्ट करता का?"

"करतो की. परत पाठवायचं चलन कुठं फाडायचं तेवढं सांगा."

मग त्यांनी सांगितले ते असे. वितळलेला रस साच्यात ओतला की त्यातला वायू वर पळतो. पळता पळता रस थिजला की तो तिथेच अडकतो आणि भोक राहते. म्हणून अशी भोके ओतीव वस्तूच्या वरच्या अंगाला जास्त सापडतात. लाव्हा हाही रसच. या दगडात भोके तळाला दाटली आहेत. तेव्हा आजचा तळ हा कधीकाळचा माथा आहे. थिजल्यानंतर कशाने तरी तो उलटवला आहे.

बातमीदाराच्या सवयीने मी विचारले, "वाऱ्याने पडली असतील भोकं. तिथे वादळं होतात."

"साहेब, आमच्याकडं मालावर लोखंडी छर्रे मारून साफ करत्यात. त्याचा मार एका अंगाला बसतो, वरवरचा. ही भोकं आतून गोल हायेत. लय फरक हाय."

पुढच्या सुट्टीला ते मला मोटरसायकलवर बसवून पेठ रस्त्याने घेऊन गेले. तिथे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे आणि काळ्या खडकाचे थर एकावर एक उघडे पडले आहेत. जिथे जिथे एखाद्या थराचा माथा दिसला, तिथे तिथे भोके दाट होती, काहींत पांढरे स्फटिक भरलेले. खाली यावे तसा खडक घट्ट होत गेलेला. गांगुर्डे प्रत्येक ठिकाणी भोकात करंगळी घालून पाहत होते. या रस्त्याने मी कैकदा गेलो होतो. आमचे घाट, आमची लेणी, आमचे रस्ते सारे याच खडकाचे. आणि तो कोणत्या बाजूने थिजला, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

त्यांनी दीड पानाचे टिपण लिहिले, कारखान्यातल्या अहवालाच्या पद्धतीने: दोष, जागा, कारण. पेठ रस्त्यावरची निरीक्षणे शेवटी जोडली. विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात आमचे मंडळ ते चित्र लावणार होते; त्याखाली हे टिपण लागावे, एवढीच त्यांची मागणी होती. आमच्या मंडळाचे अध्यक्ष प्राध्यापक होते. आम्ही त्यांना सर म्हणत असू. सरांनी टिपण हातात घेतले आणि वाचण्याआधी विचारले, "शिक्षण काय तुमचं?"

"आयटीआय. मोल्डर."

"गांगुर्डे, हे भूशास्त्र आहे. भट्टी नाही."

"भट्टीच हाय सर ती. विझलेली."

टिपण लागले नाही. चित्राखाली ओळ लागली: 'मंगळावरील सच्छिद्र दगड. छिद्रे वाऱ्यामुळे पडलेली आहेत.' ती वाचून गांगुर्डे यांनी टाचण्या काढल्या.

त्यांचे म्हणणे बरोबर होते की चूक, हे मी सांगू शकत नाही. त्या दगडाला हात लावून पाहिलेला माणूस नाही. पण चूक ठरवण्यासाठीसुद्धा म्हणणे आधी ऐकावे लागते. रस कसा थिजतो हे ज्याने वीस वर्षे रोज पाहिले, त्याला तोंड उघडण्याआधी प्रमाणपत्र मागायचे, आणि ज्याला नंदी दिसला त्याला काहीच विचारायचे नाही, ही कोणती शास्त्रीय वृत्ती? वायू वर जातो, तो कोणाची पदवी पाहून जातो का?

मी बातमीत त्यांचा युक्तिवाद चार वाक्यांत दिला होता. डेस्कवर ती चार वाक्ये कापली गेली. मथळा आला: 'विज्ञान प्रदर्शनात कामगाराचा गोंधळ'. डेस्कवर बसून मीही इतरांची अशी वाक्ये कापलेली आहेत. जागा कमी पडते तेव्हा कारणे आधी जातात, गोंधळ राहतो. कारखान्यात कोणीतरी ते कात्रण नोटीस बोर्डावर लावले. कँटीनमध्ये त्यांना विचारू लागले, "काय दत्तूभाऊ, मंगळ सरळ केला का?" गांगुर्डे रविवारी यायचे बंद झाले. मी दुरुस्ती छापण्याची विनंती केली. संपादक म्हणाले, "दगड उलटा की सुलटा, याची दुरुस्ती कोण वाचणार?"

त्याच वर्षी दिवाळीनंतर मंडळाची स्मरणिका निघाली. तिच्या मधल्या पानावर तेच छायाचित्र आहे. आकाश खाली, माती वर. त्याखाली छापले आहे: 'छिद्रांच्या रचनेवरून हा दगड मूळ स्थितीच्या उलटा पडला असावा. पेठ रस्त्यावरील खडकांशी तुलना करता या मतास पुष्टी मिळते. निरीक्षण: अध्यक्ष.' गांगुर्डे यांचे नाव स्मरणिकेत कुठेही नाही. त्यांना प्रत पाठवलेली नव्हती. ती मी सातपूरला नेऊन दिली. कारखान्याच्या फाटकापाशी उभे राहून त्यांनी ते पान दोनदा वाचले, खिशातून लाल पेन काढून 'वाऱ्यामुळे' हा शब्द आता कुठे आहे का ते शोधले, तो सापडला नाही तेव्हा पेन परत खिशात ठेवले आणि ते दुसऱ्या पाळीला आत गेले.