दोन आळ्यांची एक गाडी

सकुकाकीला देशांची नावं लक्षात राहत नाहीत. देश काय विकतो, ते मात्र ती विसरत नाही. रशिया म्हणजे ‘तो तेलवाला’. चीन म्हणजे ‘मोबाइलवाला, लांबून बघनारा’. युक्रेन म्हणजे ‘सूर्यफूलवाला’, कारण लढाई पेटली त्या वर्षी पिशवीतलं गोडं तेल एकदम चढलं आणि पाडव्याला काकीच्या घरात पुरी फुगलीच नाही.

काकीचं वय साठच्या जरा अलीकडचं, शाळा चौथीपर्यंत, शेत एक एकर. मुरबाडहून शहापूरला जाताना डावीकडे आत वळलं की आमचं गाव. काकीचं घर वरच्या आळीत आणि शेत ओढ्याच्या पलीकडे, खालच्या आळीला लागून. भात निघालं की आमच्याकडे भेंडी लावतात. बोटाएवढी कोवळी भेंडी पहाटे तोडायची, क्रेटमध्ये भरायची, गाडी येऊन नेते आणि ती विमानानं आखातात जाते. घरी जिला बघून आम्ही ‘आजपन भेंडीच?’ म्हणून नाक मुरडतो, ती पासपोर्ट नसताना दुबई बघून येते. आमच्या गावातलं एकही माणूस अजून गेलेलं नाही.

काकी भेंडी तोडते तेव्हा मोबाइल कमरेला खोचलेला असतो आणि बातम्या फुल आवाजात. “किती वरडतो हा!” ती निवेदकाला म्हणते. “याच्या घरात कोन बहिरं हाय काय?” मग मला विचारते, “बाँबाचं ऱ्हाऊ दे गो. माल चालू हाय का बंद, ते वाच.”

एकदा मी तिला वाचून दाखवलं की तेलवाला आणि सूर्यफूलवाला एकमेकांवर तुटून पडले होते, तरी तेलवाल्याचा गॅस सूर्यफूलवाल्याच्याच जमिनीतल्या पाइपातून पुढे युरोपला जात होता. चांगली तीनेक वर्षं.

काकीचे हात थांबले. काकीचे हात तोडणीत थांबत नाहीत, विंचू निघाला तरी नाहीत.

“म्हंजे वरती बाँब आन् खालती पाइप?”

“हो.”

“पाइपाचं भाडं?”

“मिळायचं.”

“कोनाला?”

“ज्याच्यावर बाँब पडत होते त्याला.”

“आन् देत कोन होता?”

“जो बाँब टाकत होता तो.”

काकी इतकी हसली की तिची टोपली कलंडली. “मंग बंद कधी पडला? बाँब पडल्यावर?”

“नाय. करार संपल्यावर.”

“बघ! बाँबानं नाय तुटला, कागदानं तुटला.” तिनं टोपली सरळ केली आणि पुन्हा हात चालू. “भांडान तोंडानं करायचं गो. पाइपाला हात नाय लावायचा.”

तेव्हा मला वाटलं, काकी नेहमीसारखी बोलली. यंदाच्या मार्चात कळलं की तिनं ते जपून ठेवलं होतं.

आमच्याही गावात एक लढाई चालू आहे. चार वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वरच्या आळीचा वाल्मिकदादा खालच्या आळीच्या अनंतादादाकडून सात मतांनी पडला. तेव्हापासून दोन्ही आळ्यांचं बोलणं बंद. देश भांडले की राजदूत परत बोलावतात म्हणे. आमच्याकडे ती सोय नाही. आमच्याकडे हळदीचं बोलावणं बंद होतं. लग्नाला नाही बोलावलं तर माणूस विसरतो, हळदीला नाही बोलावलं तर नातवंडांना सांगत राहतो. भेंडीचंही तसंच. वरच्यांचा व्यापारी वेगळा, खालच्यांचा वेगळा. दोन गाड्या यायच्या, एकमेकींना रस्ता न देता.

मार्चात आखाताकडे तोफा धडाडल्या आणि विमानं कमी झाली. खालच्या आळीच्या व्यापाऱ्यानं फोन उचलणंच सोडलं. वरच्यांची गाडी आणणारा ओमकार वाशिंदचा. तो अजून यायला तयार होता, पण त्याचा आवाज रेल्वेच्या अनाउन्समेंटसारखा झाला होता. “काकी, टाइम खराब चाललाय. फ्लाइट कमी, जागा कमी. फुल गाडी असेल तरच येणार. साठ क्रेट. एकोणसाठ झाले तरी सॉरी.”

वरच्या आळीत निघायचे तीसेक. खालच्या आळीतही तेवढेच.

दोन दिवस गाडी आली नाही. लोकांना वाटेल, दोन दिवसांनी काय होतं? भेंडीचं होतं. झाडावर राहिली की ती जून होते, आणि जून भेंडी अंगावर असली की झाडाला वाटतं आपलं बी तयार झालं, काम संपलं. मग ते फुलच धरत नाही. आठवडाभरात शेत उभ्या-उभ्या म्हातारं होतं.

काकीला याची जास्तच भीती होती. काका गेले तेव्हा वाल्मिकदादा घरी येऊन म्हणाला होता, “वयनी, एकट्या बाईचं काम नाय हे. शेत मला अर्धेलीनं द्या, मी कसतो, निम्मं पीक तुमचं.” काकी म्हणाली, “एक साल बघते.” दर साली ती तेच म्हणते आणि दर साली तिची भेंडी त्याच्या भेंडीपेक्षा सरस निघते. पण एक हंगाम बसला की दादा ओटीवर हजर होणार, हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिनं दोन टोपल्या भेंडी म्हशीपुढे टाकली आणि पायात चपला घातल्या.

आधी वाल्मिकदादाकडे. दादा बोलताना प्रत्येक वाक्याला सभा भरवतो.

“या वयनी! काय, बंद पडली ना दुबई? मी बोल्लो व्हतो!”

“दुबई नाय पडली. गाडी पडली. खालच्यांना गाडीत घे.”

“माझ्या गाडीत? त्या अनंताला? हात जोडत यायला सांगा त्याला, ह्या पायरीवर. मंग विचार करू!”

“तुला हात पायजेत का क्रेट पायजेत?”

दादाची नजर ओटीवरच्या रिकाम्या क्रेटांकडे गेली.

“जोडलेले हात विमानात नाय चढत, वाल्मिक.”

मग ओढा ओलांडून अनंतादादाकडे. हा अगदी उलटा; बोलतो हळू आणि प्रत्येक वाक्याला शेपूट लावतो. “आक्का, आमी काय उपाशी नाय मरत, नाय का? त्याच्या गाडीत चढलो तं लोकं काय बोलतील, नाय का?”

“लोकं बोलतील ते बोलतील. तुझ्या म्हशी काय बोलतात? दुबईची भेंडी खाल्ली ना त्यांनी आज?”

“खाल्ली, नाय का.”

“मंग म्हशींचं ऐक.”

दोघांनाही तिनं एकच वचन दिलं: कोणी कोणाशी बोलायचं नाही, कोणी कोणाकडे जायचं नाही. तिच्या शेताच्या कडेला तिचं भात झोडायचं खळं आहे, ना वरच्यांचं ना खालच्यांचं. वरच्यांनी सहाला क्रेट ठेवून जायचं, खालच्यांनी साडेसहाला. मध्ये तिनं एक लांब बांबू आडवा टाकला. ओमकार गाडी घेऊन आला, बांबूकडे बघून हसला. “काय काकी, बॉर्डर टाकली का?”

“बॉर्डर नाय रे. पाइप हाय.”

पहिल्या दिवशी गाडी भरली. दुसऱ्या दिवशीही. चार वर्षांत पहिल्यांदा दोन्ही आळ्यांचा माल एका ताडपत्रीखाली गेला, आणि तरीही कोणी कोणाकडे पाहिलं नाही. वरचे जाताना खाकरायचे, खालचे येताना खाकरायचे. एवढाच व्यवहार.

तिसऱ्या दिवशी आमच्या लोकांनी आमच्याच लोकांसारखी चूक केली. बांबूच्या अलीकडे एकतीस क्रेट दिसले की पलीकडल्यांना बत्तीस पाहिजेत. पलीकडे बत्तीस दिसले की अलीकडल्यांना चौतीस. जास्तीची भेंडी आणायची कुठून? गाडी नव्हती त्या दोन दिवसांची जी झाडावर राहिली होती ती, तळाला, वरून कोवळी पसरून. असा अख्खा गाव हुशार.

कोणाचे किती भरले ते बघायला त्या दिवशी दोन्हीकडचे खळ्यावरच रेंगाळले होते. ओमकारनं एक क्रेट पालथा केला. तळातली एक भेंडी उचलून शेंडा मोडायला गेला. कोवळ्या भेंडीचा शेंडा ‘कट्’ करून तुटतो. हा वाकला. वाकून तसाच राहिला.

“काकी, हे बघा. हा लॉट तिकडे उघडला तर पूर्ण रिजेक्ट. माझं नाव खराब. मी गाडी रिकामी नेतो, सॉरी.”

आणि मग चार वर्षांचं मौन सुटलं.

“खालच्यांचा क्रेट तो!”

“वरच्यांचा, नाय का! आमी असली कामं करत नाय, नाय का!”

“सात मतांची मस्ती भेंडीत उतरवली!”

“सात मतं अजून मोजतो हा, नाय का!”

काकी एका क्रेटवर बसली. मी तिच्या शेताकडे पाहिलं. सकाळी सहापासून ती खळ्यावर उभी, त्यामुळे तिचं शेत रोज सगळ्यात शेवटी तोडलं जायचं. आजची तिची भेंडी अजून झाडावरच होती. गाडी रिकामी गेली तर उद्या ती सगळी वाकणारी.

“ओमकार,” ती म्हणाली, “रिकामी गाडी नेऊन तिकडं काय पाठवशील? धूर? अर्धा तास दे.”

“काकी, टाइम नाय ओ.”

“चहा देते.”

“... अर्धाच तास.”

मग ती उठली आणि बांबूवर उभी राहिली. “वाल्मिक, तू अनंताचे क्रेट तपास. अनंता, तू वाल्मिकचे. जे वाकेल ते बाहेर.”

क्षणभर कोणाला कळलंच नाही. कळलं तेव्हा दोन्हीकडच्या चेहऱ्यांवर जो आनंद पसरला, तो मी हळदीतसुद्धा पाहिलेला नाही. शत्रूचा माल नापास करायचा अधिकृत परवाना! आपल्या भेंडीला माणूस माफ करतो. दुसऱ्याच्या भेंडीला कोण करतो?

वरच्या आळीची हिराबाई पदर खोचून खालच्यांच्या क्रेटवर तुटून पडली. कट्. कट्. कट्. मग एक वाकली. “ही बघा! हिला दुबईला नाय, शिर्डीला न्या, नातवंडं हायेत हिला!”

पलीकडून अनंतादादाची बायको कमळ. “आगो, ही बघ तुमची नवरी! कंबर वाकली हिची, तरी मोडत नाय!”

“नवरी तुमची! आमची तं करवली व्हती!”

कोण आधी हसलं ते मला सांगता येणार नाही. पण हसल्या दोन्ही आळ्या, तोंड फिरवून, पदराआड.

तपासून झाल्यावर चांगले क्रेट उरले एकावन्न. ओमकारनं चहाचा ग्लास खाली ठेवला आणि किल्ली हातात घेतली. नऊ क्रेटांवाचून दोन्ही आळ्यांचा माल खळ्यावर राहणार होता.

काकीनं आपल्या शेताकडे वळून पाहिलं. खळ्याला लागूनच उभं होतं ते, आजच्या कोवळ्या भेंडीनं भरलेलं.

आधी कमळ गेली. तिच्या मागून हिराबाई. मग सगळेच. वीस-बावीस माणसं एका एकरात. मी काकीच्या शेजारच्या सरीत होते, म्हणून मला स्पष्ट दिसलं: एका सरीत अनंतादादा, शेजारच्या सरीत वाल्मिकदादा, दोघं खाली मान घालून तोडतायत. जे शेत दादाला अर्धेलीनं हवं होतं, त्याच शेतात तो फुकट राबत होता, घामाघूम. काकी जाता जाता त्याला म्हणाली, “वाल्मिक, बोटाएवढीच तोड हां. एकट्या बाईचं शेत हाय.”

साठ क्रेट भरले. गाडी गेली. त्या दिवसापासून तपासणी बांबूच्या पलीकडच्यांनीच करायची ठरली, आणि ओमकारनं नंतर एकही भेंडी परत आणली नाही. “काकी, कल्याणपासून इथपर्यंत असा माल कोणाचा नाय,” तो म्हणाला. वाल्मिकदादानं ते सभेत सांगितल्यासारखं आळीभर सांगितलं.

एप्रिलात विमानं पूर्ववत झाली आणि खालच्यांच्या व्यापाऱ्याला अचानक फोन करता यायला लागला. किलोमागे थोडं जास्त देतो म्हणाला. दुसऱ्याच दिवशी अनंतादादाचे क्रेट त्याच्या जुन्या गाडीत.

मला राग आला. “काकी, गेला बघ! गरज होती तोवर गोड.”

“मंग? गरज होती म्हनून आलता. गरज सरली म्हनून गेला.” काकी भेंडी तोडत होती. “प्रेमानं आलता असता तं मला भ्याव वाटलं असतं. प्रेम कधी उतरंल, काय सांगावं?”

आठ दिवसांनी साडेसहाला मी खळ्यावर गेले तर बांबूच्या पलीकडे क्रेट. सात-आठ नाहीत, खालच्या आळीचे सगळे. जुन्या गाडीच्या पहिल्याच खेपेत त्यांचे चार क्रेट नापास झाले होते. तिकडे तपासायला सगळी आपलीच माणसं, त्यामुळे ते एकमेकांच्या भेंडीला माफ करत बसले होते. कमळ बांबूजवळ उभी होती, ओढ्याकडे बघत.

हिराबाईनं पदर खोचला. वाकून पहिली भेंडी उचलली. कट्.

काकीच्या कमरेला निवेदक ओरडत होता, कुठेतरी दोघांनी हात मिळवले म्हणून. काकीनं आवाज बारीक केला आणि आपल्या शेतात शिरली. झाडं अजून फुलावर होती.