मास्तरांची राखाडी पँट

दुकानाच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, खुंटीवर एक राखाडी पँट टांगलेली आहे. ती विकायची नाही आणि कुणाला द्यायचीही नाही. तिची कमरपट्टी उलटून उजेडात धरली, तर मागच्या शिवणीच्या दोन्ही अंगांना सुईच्या छिद्रांच्या रांगा दिसतात. काही जुन्या, काही अलीकडच्या. पुढील हकिकत मास्तरांच्या आणि त्यांच्या पत्नीच्या तोंडून ऐकलेली आहे. दोघांच्या सांगण्यात जिथे मेळ बसला नाही, तिथे या छिद्रांचे म्हणणे ग्राह्य धरले आहे.

मास्तर म्हणजे शिंपी; साठीकडे झुकलेले, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधणारे. गिऱ्हाईक उंबरठ्यावर असतानाच त्याचा कोणता खांदा उतरता आहे, हे त्यांना टेपशिवाय कळते. त्यांच्या नजरेतून एकच शरीर निसटले, आणि ते त्यांचे स्वतःचे. त्याचे कारण त्यांच्या धंद्यात आहे. इतरांची पँट कमरेत आवळू लागली की त्यांना काळजी वाटते. मास्तरांची आवळू लागली की ते दुपारच्या निवांत वेळी मागची शिवण उसवत आणि आत राखलेली माया, म्हणजे शिवणीतले जादा कापड, थोडी सोडून देत. स्वतःच्या कपड्यांत ते माया सढळ हाताने ठेवीत. त्यामुळे पोट वर्षानुवर्षे वाढत राहिले आणि त्याची खबर पोटाच्या मालकाला कधी लागलीच नाही.

"मी एकदा म्हटलं होतं, अहो, पोट सुटलंय तुमचं," मास्तरीणबाई सांगतात. काज-बटणांचे आणि हातशिलाईचे सगळे काम त्यांच्याकडे असते. "तर म्हणाले, कापड आटलंय!"

ही खबर अखेर दुकानाच्या शटरने दिली. एका गारठलेल्या सकाळी ते अर्ध्यावर अडकले. मास्तरांनी पाय ताठ ठेवून, कमरेत वाकून, सगळ्या रागानिशी हिसका मारला, आणि कमरेत अशी उसण भरली की त्यांना ना वर होता येईना ना खाली. शेजारच्या दुकानातला चावीवाला धावत आला. एका हाताने त्याने मास्तरांना धरले आणि दुसऱ्या हाताने शटर वर सारले. हे दुसऱ्या हाताचे मास्तरांना कमरेपेक्षा जास्त झोंबले.

त्यानंतर रोज सकाळी शटर चावीवालाच उघडू लागला, आणि त्याबरोबर तोंडही.

"मास्तर, दुकान मी उघडतो, बंद मी करतो. पाटीवर माझंच नाव लावू का आता?"

"लाव की. मग बाह्याही तूच लाव."

परगावी राहणारी मुलगी धावतपळत आली. तिचे म्हणणे एका वाक्यात मावण्यासारखे होते, पण तिने ते पुष्कळ वाक्यांत सांगितले: दुकान बंद करा आणि दोघेही माझ्याकडे राहायला या. जागेचा भाडेकरार हिवाळा संपताना संपणार होता. तो पुन्हा करायचा की जागा सोडायची, हे मालकाने विचारूनही झाले होते.

"बाबा, उद्या आत अडकलात आणि शटर उचलता आलं नाही तर?"

"चावीवाला आहे ना."

"तो काय जन्मभर तुमच्या दारात उभा राहणार आहे?"

बरीच ओढाताण झाल्यावर असे ठरले, की हिवाळ्याअखेरी मुलगी पुन्हा येईल. तिच्यासमोर मास्तरांनी कुणाचाही हात न लागता शटर उघडले, तर करार पुढे चालू. नाही उघडले, तर दुसऱ्याच दिवशी सामान बांधायचे.

डॉक्टरांनी तपासले. स्नायू दुखावला होता, हाड शाबूत होते. "दुखणं थांबलं की पोटावरची थोडी चरबी उतरवा, पाया-पाठीत ताकद आणा, आणि घाई करू नका," असे सांगून त्यांनी इस्पितळातल्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे जायला चिठ्ठी दिली. मास्तरांनी यातले पोटाचे तेवढे ऐकले. चिठ्ठी सुयांच्या डब्यात गेली.

मग मास्तर उपाशी राहू लागले. सकाळी बिनसाखरेचा चहा, दुपारी उकडलेला कोबी आणि संध्याकाळी तोच कोबी, पण अधिक दुःखी चेहऱ्याने. वजनकाट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी राखाडी पँट समोर ठेवली आणि जाहीर केले, की आता हिची शिवण उसवायची नाही; ही कमरेत सैल होईल तेव्हाच पोटभर जेवेन. शिंप्याला शोभेल असाच हा नवस होता.

परिणाम लवकर दिसले, पण पोटावर नव्हे. सुईत दोरा ओवताना हात थरथरू लागला. जिना चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. आणि एका कोटाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. गिऱ्हाईक सज्जन होते. पण त्यांचे हात दोन होते आणि दोन्ही डावे नव्हते.

"अहो, दोन घास खा."

"पँट सैल होऊ दे."

"पँट सैल होईल, पण आत माणूस उरायला हवा ना!"

समजावून उपयोग होत नाही हे पाहून मास्तरीणबाईंनी धंद्यातलाच मार्ग धरला. मास्तर दाढी करायला गेले असताना त्यांनी पँटीची मागची शिवण उसवली, माया सोडली, त्याच राखाडी दोऱ्याने नवी शिवण घातली आणि वरून ओलसर फडके ठेवून इस्त्री फिरवली. किती सोडली? त्या म्हणतात, बोटभर. छिद्रे दोन बोटे म्हणतात.

पँट चढवून मास्तर आरशासमोर उभे राहिले. कमरेत हात घालून त्यांनी कापड पुढे ओढले, आणि गिऱ्हाइकांना कधी न दाखवलेले हसू हसले.

"बघितलंस? उतरलं!"

"बघितलं. आता बसा जेवायला."

त्या दुपारी त्यांनी अंडी खाल्ली, मासा खाल्ला, वर दही घेतले आणि मशीनवरच डुलकी काढली. जाग आल्यावर अंगात आलेल्या तरतरीचे श्रेय त्यांनी पोट उतरण्याला दिले. पँटीने कौल दिला असल्याने आता ताकद मिळवायला हरकत नाही, असे म्हणत त्यांनी सुयांच्या डब्यातून चिठ्ठी बाहेर काढली.

फिजिओथेरपिस्ट बाई वयाने मुलीएवढ्या होत्या, पण दटावणीत आईएवढ्या. कोबीची कथा ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, उपाशी राहिलात की शरीर चरबीबरोबर स्नायूही खातं. मग शटर काय कोबी उचलणार? ताट थोडं लहान करा, गोड-तळलेलं कमी करा. पण अंडी, मासे, दूध, कडधान्यं, यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवंच."

व्यायाम पाहून मास्तरांची निराशा झाली. त्यांना लोखंडी वजने अपेक्षित होती. बाईंनी त्यांना स्टुलावर बसवले आणि हात न लावता उठायला सांगितले. मग बसायला. मग पुन्हा उठायला.

"एवढंच?"

"एवढं नीट करून दाखवा, मग पुढचं बोलू."

एवढे करतानाच मास्तरांना घाम फुटला. पुढे कटिंगच्या टेबलाला हात टेकून अंग ढकलणे आले. मग कतरणीची, म्हणजे उरलेल्या कापडाच्या तुकड्यांची, पिशवी: गुडघे वाकवायचे, पाठ सरळ ठेवायची, पिशवी अंगाशी धरून पायांच्या जोराने उठायचे आणि उठताना श्वास कोंडायचा नाही, सोडायचा. पिशवी सहज उचलता येऊ लागली, की तिच्यात आणखी थोडी भर घालायची. काही आठवड्यांनी कतरणीच्या पोटात जुनी लोखंडी इस्त्री जाऊन बसली. चावीवाल्याने ती पिशवी एकदा उगाच उचलून पाहिली आणि ताबडतोब खाली ठेवली.

"मास्तर, चिंध्या फार जड झाल्यात हो हल्ली!"

मधल्या दिवसांची विश्रांती मात्र मास्तरांना पटेना. एकदा त्यांनी सुट्टीच्या दिवशीही चोरून दुप्पट बैठका काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी इस्पितळाचा जिना उलटा, कठडा धरून उतरले. बाईंनी तेवढ्यावरून ओळखले.

"काका, कोटाचं कापड कापायच्या आधी पाण्यातून काढता ना? ओलं असतानाच कात्री लावता का?"

"छे! वाळू द्यावं लागतं. नाहीतर माप चुकतं."

"मग स्वतःला वाळू द्या."

त्यानंतर विश्रांतीच्या दिवशी मास्तर फक्त चालायला जाऊ लागले. थरथर गेली. दोरा पहिल्या फटक्यात ओवला जाऊ लागला. एक गोष्ट मात्र त्यांना छळू लागली होती.

"अगं, कमरेत सैल आहे, मग ही पँट मांड्यांत का आवळते?"

मास्तरीणबाईंनी बटणावरून नजर उचलली नाही. "कापड आटलं असेल."

मुलगी येण्याच्या आदल्या दिवशी पँटीला इस्त्री करताना मास्तरांनी ती उलटी केली. खिडकीतून ऊन येत होते. कमरपट्टीजवळ त्यांना छिद्रांची एक नवी रिकामी रांग दिसली; ती त्यांनी उसवलेली नव्हती. मांजराला उंदराचा माग लागावा तसे ते थबकले. टाका आपला नाही, हेही त्यांनी लगेच ओळखले.

पुढचे बोलणे दोघेही सारखेच सांगतात, म्हणून ते विश्वसनीय मानावे.

"ही कंबर कुणी सोडली?"

"मी."

"म्हणजे माझं पोट उतरलंच नव्हतं? इतके दिवस मी मूर्खासारखा आरशात बघून हसत होतो?"

"हसत होतात आणि जेवत होतात. मला तेवढंच हवं होतं."

"आणि उद्या काय उचलू? तुझा टाका?"

मास्तरीणबाईंनी सुई उशीत टोचून ठेवली. "कंबर मी सोडली, कबूल. पण मांड्या मी आवळल्या का? त्या शिवणीला माझा हात लागला असेल तर दाखवा."

मास्तरांनी मांडीची शिवण उलटी केली. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. तिथे एकच रांग होती, त्यांच्या स्वतःच्या टाक्याची, पहिल्या दिवशीची. कापड आटले म्हणावे, तर पँट शिवण्यापूर्वी त्यांनीच ते पाण्यातून काढून वाळवले होते. मग त्यांनी बायकोचा टाका उसवला, कंबर पुन्हा जुन्या रांगेवर शिवली आणि पडद्याआड गेले. श्वास न ओढता बटण लागले. फार सैल नव्हती, बोट कसेबसे जात होते. पण तेवढे बोट खरे होते.

"तुझा टाका मात्र सुरेख आला होता हं," पडद्याआडून आवाज आला.

सकाळी मुलगी रस्त्यावर उभी राहिली. चावीवाल्याला तिने हात खिशात घालायला लावले.

"काका, शटरला तेल-बिल नाही ना घातलंत?"

"शपथ! तो गंज बघून माझेच हात शिवशिवतायत."

मास्तरांनी कुलपे काढली. पाय रुंद ठेवले, गुडघे वाकवले, पाठ सरळ ठेवून शटर उचलले. ते अर्ध्यावर आले आणि नेहमीच्या जागी अडकले. मुलीने एक पाऊल पुढे टाकले. मास्तरांनी हिसका मारला नाही. त्यांनी शटर सावकाश खाली टेकवले, दोन श्वास घेतले, पाय शटरच्या जरा आणखी जवळ आणले आणि पुन्हा उचलले. या वेळी अडकण्याच्या जागी ते कण्हले, करकरले आणि वर गेले. वर जाऊन असे आदळले की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या.

मुलीने चावीवाल्याला हात खिशातून काढायची खूण केली. मग म्हणाली, "ठीक आहे. करार करा." आणि आवाज खाली आणून, पिशवीतून एक काळी पँट काढत, "बाबा, आलेच आहे तर... ही कमरेत जरा सोडून द्याल?"

मास्तरांनी पँट घेतली, उलटी केली, माया तपासली. भरपूर होती, पँट त्यांनीच शिवलेली होती. त्यांनी ती घडी घालून टेबलावर ठेवली आणि पायाने स्टूल पुढे सरकवले.

"बस."

"माप घेताय?"

"नाही. हात न लावता ऊठ."

मागच्या खोलीत जाता जाता मास्तरीणबाई ओरडल्या, "आधी तिला जेवू द्या हो!"