धक्क्याला लागो न लागो

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर मी गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत एकच प्रश्न विचारतो: आता बरं दिसतं, की आता? माणूस कितीही चिकित्सक असो, दोन्हींपैकी एक काच त्याला निवडावीच लागते. अशा सरळ उत्तरांची सवय झालेल्या माणसाला देवाने बहिणीचा नवरा दिला तो जहाजदलाल. देवालाही अधूनमधून गंमत सुचते.

जहाजदलाल म्हणजे नेमकं काय, हे ताईचं लग्न ठरलं तेव्हा आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, जावई जहाजावर असतो. भाऊजी जहाजावर कधीच नव्हते. साध्या होडीत बसले तरी त्यांना मळमळतं. त्यांचं काम एवढंच, की एकाकडे माल आहे आणि दुसऱ्याकडे रिकामं जहाज, त्या दोघांची गाठ घालून द्यायची आणि पुढे ते भांडायला लागले की मध्ये बसायचं. हे सगळं रंगाच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत चालतं. जिन्यात टर्पेंटाइनचा वास, आणि खिडकीतून दिसते ती बँकेची मागची भिंत. त्या भिंतीकडे बघत भाऊजी तासन्‌तास समुद्राबद्दल बोलू शकतात.

या धंद्याची स्वतःची भाषा आहे आणि तिला पुऱ्या शब्दांचं वावडं आहे. पूर्वी तारेला शब्दागणिक पैसे पडत, म्हणून कुण्या शहाण्याने पहिली अक्षरं तेवढी ठेवून बाकीचं वाक्य समुद्रात सोडून दिलं. पुढे तार गेली, टेलेक्स गेला, ईमेल फुकट झाली, पण सुंभ जळला तरी पीळ गेला नाही. जहाज कधी पोहोचेल, याला ईटीए. त्यापुढे एजीडब्ल्यू, म्हणजे सगळं सुरळीत पार पडल्यास. त्यापुढे डब्ल्यूपी, म्हणजे हवामानाने परवानगी दिल्यास. आणि एवढी कुंपणं घालूनही कुणी विश्वास ठेवलाच, तर शेवटी डब्ल्यूओजी, म्हणजे हमी नाही. ज्योतिषी याहून धीट असतात.

ऑफिसात हे शोभतं. भाऊजी ते घरी आणत. रात्री जेवायला किती वाजता येणार, असं ताईने फोनवर विचारलं की पलीकडून उत्तर यायचं, आठच्या सुमारास, सगळं सुरळीत झाल्यास, हमी नाही. ऑफिस घरापासून चालत दहा मिनिटांवर. वाटेत एक सिग्नल. त्या सिग्नलवर कोणतं वादळ उठणार होतं, ते त्यांनाच माहीत.

लग्नाच्या वेळचीही गोष्ट सांगायलाच हवी. यांच्या धंद्यात सौदा ठरला तरी तो लगेच पक्का होत नाही. त्याला ‘सब्जेक्ट’ लागलेले असतात. म्हणजे मालकाची मंजुरी बाकी, मालाची खात्री बाकी, असल्या अटी. त्या एकेक करून उचलल्या, की मग सौदा खरा. आमच्या वडिलांनी भाऊजींना विचारलं, मुलगी पसंत आहे का? त्यावर ते गंभीर चेहऱ्याने म्हणाले, तत्त्वतः मान्य, आईची मंजुरी बाकी. त्यांची आई शेजारच्याच खुर्चीवर बसून मान डोलवत होती. ते सब्जेक्ट पुढे त्यांनी रीतसर उचलले की नाही, हे आपल्याला अजून कळलेलं नाही, असं ताई म्हणते. मधल्या काळात मात्र संसार झाला, कर्ज काढून घर झालं आणि एक मुलगीही झाली.

ही माझी भाची. भाऊजींची ती भाषा घरात कुणी मनापासून शिकलं असेल, तर तिने. मैत्रिणीकडे निघाली की दारातून ओरडायची, ईटीए सात, एजीडब्ल्यू! भाऊजी वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, नोंद घेतली. एरवी कोरडा दिसणारा तो माणूस त्या वेळी वर्तमानपत्रामागे हसत असायचा. मी पाहिलंय. ताईला तापात विचारपूस मिळाली नाही एवढी या दोघांची बडबड चालायची, तीही निम्म्या अक्षरांत.

मग ते जहाज आलं. धान्य भरायचं होतं, आणि त्याआधी त्याने कोळसा वाहिला होता. धान्यासाठी होल्ड, म्हणजे जहाजाच्या पोटातले माल भरायचे खण, ताटासारखे लख्ख लागतात. ते तपासायला सर्व्हेअर येतो. भाऊजींनी सौदा जुळवलेलं हे जहाज तपासायला आला एक तरुण, नोकरीत नवाच. तो शिडीने खाली उतरला, लोखंडी फासळीच्या मागे हात घातला आणि पांढरा हातरुमाल फिरवून बाहेर काढला. रुमाल काळा. जहाज नापास. पुन्हा धुण्यासाठी त्याला बाहेर समुद्रात पाठवलं आणि भाऊजींचा साहेब त्यांच्यावर सगळ्या ऑफिससमोर ओरडला. त्या दिवसापासून त्या तरुणाचं नाव आमच्या घरात ‘हातरुमाल’ पडलं. जेवताना मीठ जास्त झालं तरी भाऊजींना हातरुमाल आठवायचा.

भाची धान्य तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागली होती. काही महिन्यांनी ती एका मुलाला घरी घेऊन आली. कोण आला असेल, हे वेगळं सांगायला नको.

भाऊजींनी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं, नोकरीची चौकशी केली, आणि तो गेल्यावर एवढंच म्हणाले, जहाज नापास. भाचीला वाटलं, दोन दिवसांत राग उतरेल. तो उतरला नाही. तिने नोंदणी करून लग्न केलं. त्या दिवशी भाऊजींना ऑफिसात अत्यंत तातडीचं काम निघालं. बँकेची भिंत कुठे पळून जाणार होती, कुणास ठाऊक. मी आणि ताईने साक्षीदार म्हणून सह्या केल्या. त्यानंतर वर्षभर बाप-लेकीत अक्षर नाही. संक्षिप्तसुद्धा नाही.

आणि मग बातमी आली, की जावयाची बदली परदेशातल्या बंदरात झाली. महिनाअखेरीस दोघं जाणार, आणि निदान पाच-सहा वर्षं तरी परतायचं नाव नाही. ताई रडली. भाऊजी म्हणाले, “लेकॅन.” धंद्यात सौदा करताना दोन तारखा ठरतात. जहाजाने त्यांच्या दरम्यान हजर व्हायचं, शेवटची तारीख उलटली की सौदा मोडायला समोरचा मोकळा. हा शब्द उच्चारून ते आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. ताईने मला फोन केला. माणूस लेकीला भेटायला जाणार आहे की नाही, एवढं एक त्यांना विचारून मला सांग, म्हणाली. आजवर त्यांनी मला कशाचं सरळ उत्तर दिलं होतं, ते हे देतील?

निघायच्या आधी भाचीला नवा चष्मा हवा होता. तो तयार झाला तेव्हा शनिवारी दुपारी मीच पोहोचवायला निघालो. तिच्या इमारतीसमोर बस थांबली, मी उतरलो, आणि थांब्याच्या बाकावर बघतो तर भाऊजी. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर वर्तमानपत्र, जवळ पाण्याची बाटली. माझी बस गेली. मागून दुसरी आली, तीही गेली. हे बसलेलेच.

“कुठे निघालात?” मी विचारलं.

“कुठे नाही. आलोय.”

दर शनिवारी येतात, असं मग हळूहळू बाहेर पडलं. जेवण झालं की निघतात, ताईला ऑफिस सांगतात, इथे संध्याकाळपर्यंत बसतात आणि घरी जातात. ताकाला जाऊन भांडं लपवणारे पुष्कळ पाहिले. हे गृहस्थ वर्षभर भांडं घेऊन ताकवालीच्या दारासमोर बसून होते. मी म्हणालो, अहो, दोन मजले चढून वर का जात नाही? तर मला धंद्याचा नियम ऐकवला. त्याला विबॉन म्हणतात. धक्का रिकामा नसेल तर जहाज बाहेर नांगर टाकून थांबतं; धक्क्याला लागो न लागो, ते आलेलंच धरलं जातं.

“मी आलेलाच आहे,” ते म्हणाले. “धक्का मोकळा नाही, त्याला मी काय करू?”

माझं डोकं फिरलं. मी शिव्या द्यायच्या बेतात होतो, पण थांब्यावर दोन बायका होत्या. आणि तेवढ्यात त्यांचीच एक गोष्ट मला आठवली. जेवायला पाहुणे आले की ती ठरलेली असायची. एक कप्तान वेळेवर बंदराबाहेर पोहोचला, नांगर टाकला आणि निवांत झोपी गेला. जहाज सज्ज आहे अशी नोटीस द्यायची राहून गेली. जहाज साऱ्या गावाला दिसत होतं, पण कागदोपत्री ते आलंच नव्हतं. कळवलं नाही तर घड्याळ सुरू होत नाही, असं म्हणून भाऊजी पाहुण्यांकडे विजयाने बघायचे, आणि पाहुणे भाताकडे.

“नोटीस दिलीत?” मी विचारलं.

माझ्यासारख्या काचा विकणाऱ्याने ही चूक काढावी, याचा त्यांना धक्का बसला असावा. खिशातून फोन काढला. बोटं चालायला लागली. वाचायला मी मान वाकवली, तर पहिल्याच ओळीत एजीडब्ल्यू आणि शेवटी डब्ल्यूओजी. ते मी खोडायला लावलं. उरलं ते असं: ‘बाबा पोहोचले. समोरच्या थांब्यावर नांगर टाकला आहे.’ याच्यापुढे नोटिशीत एक ठरलेलं वाक्य असतं, जहाज सर्व बाबतींत सज्ज आहे. त्याशिवाय नोटीस चालत नाही. ते वाक्य त्यांनी लिहिलं, पुसलं, परत लिहिलं आणि परत पुसलं.

“आता काय झालं?”

“सज्ज नसताना सज्ज लिहिलं तर नोटीस बाद होते.” ते फोनकडेच बघत बोलत होते. “कोळसा होता रे. फासळीमागे. त्या पोराचं काही चुकलं नव्हतं.”

वर्षभर अख्खं घर ज्या वाक्यासाठी खोळंबलं होतं ते असं बसथांब्यावर, रहदारीच्या आवाजात, निम्मं ऐकू येईल अशा बेताने बाहेर आलं. मला त्यांचा भयंकर राग आला. मी म्हणालो, निघाला ना कोळसा? मग लिहा आता. त्यांनी लिहिलं: ‘सर्व बाबतींत सज्ज. तपासणीस हरकत नाही.’ पाठवलं आणि फोन मांडीवर पालथा ठेवला.

उत्तर लगेच आलं. ‘शनिवारी दुपारनंतर आलेली नोटीस सोमवारी धरतात, बाबा. तुम्हीच शिकवलंय.’

“बरोबर आहे,” भाऊजी म्हणाले आणि चक्क उठले. बाटली घेतली, वर्तमानपत्राची घडी केली. नियम तो नियम, सोमवारी येतो म्हणे. मी त्यांची बाही धरून खाली बसवलं. तोवर दुसरा संदेश आला होता: ‘तरी तपासनीस खाली पाठवते आहे.’

जावई रस्ता ओलांडून आला तो घरच्या चपलांवर. घामाघूम झाला होता; भला मोठा बॉम्ब निकामी करायला पाठवलेल्या माणसासारखा भाऊजींपुढे उभा राहिला. कपाळ पुसायला त्याने खिशातून रुमाल काढला. पांढराच होता. ते त्याच्याच लक्षात आलं, आणि बिचारा तो परत खिशात कोंबायला लागला.

“असू दे,” भाऊजी म्हणाले. “पूस घाम. चांगला असतो हातरुमाल.”

वर घरभर खोकी बांधून पडली होती. खिडकीपाशी मात्र एक खुर्ची मोकळी ठेवलेली, आणि तिथून थांब्याचा बाक सरळ दिसत होता. मी भाचीकडे बघितलं.

“दर शनिवारी दिसायचे, मामा,” ती म्हणाली. “पण नोटीस नव्हती ना आली.”

खाण तशी माती. दोघांनाही एकाच दोरीने बांधून बंदराबाहेर सोडून द्यावं, असं मला वाटलं. नवा चष्मा तिच्या हातात दिला, पण तो घालून काही उपयोग नव्हता; डोळे भरलेले असले की माझी कुठलीही काच चालत नाही.

चहा झाला. भाऊजींनी खोक्यांवरची नावं वाचली, एका खोक्याची दोरी सैल आहे म्हणाले, ती सोडून नीट बांधून दिली. जावयाने दुसरं टोक धरलं. निघताना भाची दारापर्यंत आली आणि दाराच्या कडीशी चाळा करत म्हणाली, “गुरुवारी सकाळी विमान आहे. सोडायला याल?”

“येईन,” भाऊजी म्हणाले.

आम्ही थांबलो. सगळं सुरळीत झाल्यास, हवामानाने परवानगी दिल्यास, असं पुढचं काहीतरी येईल म्हणून मी तर एक पायरी उतरून उभा राहिलो. काहीच आलं नाही. भाचीचाही विश्वास बसेना.

“हमी?” तिने विचारलं.

“हमी.”

एवढ्या वर्षांच्या धंद्यात त्यांनी कुणाला दिलेली ही पहिलीच. गुरुवारी विमानतळावर पोहोचायला खुद्द जाणाऱ्यांना उशीर झाला; भाऊजी दाराशी कधीचे येऊन उभे होते, आणि पोहोचल्याची नोटीस त्यांनी पहाटेच पाठवून ठेवली होती.