तिसरा नमुना

मंचरच्या लॅबमधल्या त्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. चार वर्षं माझं पोट बिघडलेलं होतं. डॉक्टर म्हणायचे, "आतडी नाजूक आहेत, टेन्शन घेऊ नका," आणि घरचे म्हणायचे, "उगाच आजाराचा संशय घेतोस." शौचाच्या दोन तपासण्यांत काहीच सापडलं नव्हतं. हे सगळं ऐकून बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि ठामपणे म्हणाल्या, "जंतू रोज दिसत न्हाईत, भाऊ. उद्या अजून एक नमुना आणा."

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकावर वाकून त्या बराच वेळ काच केसाकेसानं सरकवत होत्या. मग त्यांनी मला आत बोलावलं. "या, बघा तुमचं टेन्शन!"

इवले, लांबट गोल जंतू होते.

औषधानं खूप आराम पडला. पोट अजूनही कधीमधी कुरकुरतं, पण घरात आता मला कुणी संशयी म्हणत नाही.