नातीच्या खिडकीवरची वाकळ

बायांनो, आज लय खूश हाय मी. माजी पाच महिन्याची नात तीन आठवड्यांनी परभणीच्या दवाखान्यातून घरी आली.

काळीज फुगून दम लागायला होता तिला. डॉक्टरीणबाई म्हणल्या, “आजी, रक्तात कॅल्शियम लय कमी हाय, त्यानंच काळीज थकलंय. लेकराला ऊन कधी दावलं?”

कधीच न्हाई! नजर लागंल म्हणून मीच बाळंतिणीच्या खोलीच्या खिडकीला वाकळ ठोकली. माज्या आईच्या लुगड्याची, जाडजूड. सून आतून म्हणायची, “आत्याबाई, जीव गुदमरायलाय.” मी ऐकलंच न्हाई.

कॅल्शियम, डी व्हिटॅमिन दिलं अन् काळीज सुधारलं.

घरी येताच वाकळ ओढून काढली. सून हसून म्हणली, “आता पाच महिने तुमी बसा आत.”

बसले असते, पण नातीला ऊन कोण दावणार?

तुमच्याकडं बाळंतिणीची खिडकी उघडी हाय ना?