भावाच्या मित्रांना तिने अडवलं

ती शिवणकामाच्या दुकानात काजं-बटणं करायची. वय चोवीस, पण तिच्या आणि पलीकडच्या, दोन्ही गल्ल्यांतली पोरं तिला ‘मिटवामिटवी’ म्हणायची. हाणामारीची कुणकुण लागली की ती हातातलं काम टाकून धावायची. “आधी पाणी प्या, मग एकमेकांचा जीव घ्या,” म्हणायची. पोरं हसायची आणि निम्मं भांडण तिथेच विरायचं. दोन्हीकडच्या दहा-बारा जणांना हाताशी धरून तिने भांडणं मिटवणारा एक गटही उभा केला होता.

एका दुपारी मैदानावरच्या वादात पलीकडच्या गल्लीतल्या मुलाने तिच्याच धाकट्या भावाला भोसकलं. ती दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिसऱ्या दिवशी भावाचे मित्र दारात आले. “ताई, तू फक्त हो म्हण. बाकी आम्ही बघतो.”

आतून आई ओरडली, “तिला काय विचारता? जा, बदला घ्या!”

ती दारात आडवी उभी राहिली. “ज्याने मारलं तो पोलिसांच्या ताब्यात आहे. आता कोणाला मारणार? त्याच्या भावाला? तो आपल्याच गटात आहे.” “मला आणखी कोणाचं मरण बघवणार नाही रे.”

पोरं बराच वेळ घुटमळली. मग एकेक करून परतली.

त्या गल्ल्यांत पुन्हा सुरा निघाला नाही. लोक तिचं कौतुक करतात. आई मात्र दीड वर्ष झालं, तिच्याशी बोललेली नाही. ताट वाढते, पुढे सरकवते आणि लेकाच्या फोटोकडे तोंड करून बसते. मुलगी खाली मान घालून जेवते.