दीपाली थांब म्हणाली होती

मला हे कुणी विचारलेलं नाही. चार वर्षांत एकदाही नाही — ना आईने, ना कॉलेजातल्या कुणी, ना सत्कारात मला शाल घालणाऱ्या बाईंनी. दीपालीच्या घराबाहेर कुणाला शंकाच आली नाही. याचा मला इतका राग येतो की वाटतं, म्हसळ्याच्या एसटी स्टँडवर उभं राहून ओरडावं. तर आता तुला सांगते. पहिल्यांदाच बोलतेय, अडखळेन. मध्येच माझी समजूत घालायला येऊ नकोस. तेवढं मात्र करू नकोस.

आमचं गाव म्हसळ्याच्या आतल्या अंगाला. घरची भातशेती, बाबा रोह्याकडे कंपनीत. कॉलेजसाठी मी अलिबागला खोली घेऊन राहिले आणि तिथे मला दीपाली भेटली. नागावची. नारळाच्या वाडीत त्यांचं घर, पुढच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायचे. वडील लहानपणीच गेलेले. कारभार सगळा तिच्या मोठ्या भावाचा, संदेशदादाचा. काकी, म्हणजे तिची आई, दिवसभर पाहुण्यांच्या जेवणात गुंतलेली. कधी परदेशी पोरं-पोरी यायची, पाठीवर ह्या एवढ्या सॅक घेऊन. मला त्यांच्याशी बोलायची लाज वाटायची. दीपाली सरळ त्यांच्या बाजूला जाऊन बसायची. कुठून आलात, पुढे कुठे, भीती नाही वाटत का — मोडक्या इंग्रजीत सगळं विचारून घ्यायची.

व्हिएतनाम तिच्या डोक्यातून निघालं. नकाशे तिने बघितले, व्हिसाचा फॉर्म तिने भरला, माझासुद्धा. शेवटच्या वर्षाची परीक्षा संपली होती, तिचा गोव्याला एम.एस्सी.ला नंबर लागला होता, मध्ये पंधरा दिवस मोकळे होते. संदेशदादा अडून बसला. दोन पोरी एकट्या, आणि परदेशात? आठवडाभर तो नाहीच म्हणत होता. मग एक दिवस मी त्यांच्या ओटीवर बसले असताना म्हणाला, "प्राजू बरोबर असेल तर जा. ती शहाणी आहे."

शहाणी. मी कमी बोलायचे, एवढंच. कमी बोलणाऱ्या मुलीला आपल्याकडे किती लवकर शहाणी म्हणतात, बघितलंयस? आणि बोलणारीवर सगळ्यांचा डोळा. मला तेव्हा बरं वाटलं — खोटं कशाला बोलू? खूप बरं वाटलं.

हनोईत पहिले पाच दिवस मी तिच्या मागून चालले. रस्ता ओलांडताना ती माझं मनगट धरायची, कारण त्या दुचाक्या थांबतच नाहीत, त्यांच्यातूनच वाट काढायची असते. खुणा करून ती जेवण मागवायची, खुणा करूनच भांडायची. हॉस्टेलातल्या सगळ्यांना तिचं नाव पाठ झालं. मला ते 'दीपालीची मैत्रीण' म्हणायचे. मी हसायचे. आतून जळत होते. तिच्यामुळे मी तिथवर पोचले होते आणि तिच्यावरच माझी चिडचिड होत होती, असं असतं का माणूस? मी आहे.

सहाव्या दिवशी आमची बोट ठरलेली होती. समुद्रात हिरवे डोंगर उभे असतात ना, फोटोत बघतो ते — तिथे एक दिवस, एक मुक्काम. आदल्या संध्याकाळपासून दीपालीला ताप. सकाळी उठून बसताही येईना. डोळ्यांमागे दुखतंय म्हणत होती. मी सॅक भरत होते. ती बघत होती.

घरी मी सगळ्यांना सांगितलं की तीच म्हणाली, तू जा, मी आराम करते. इतक्या वेळा सांगितलं की त्या वाक्याला तिचा आवाजसुद्धा चिकटला. पण ती तसं म्हणाली नव्हती.

ती म्हणाली, "प्राजू, नको ना जाऊस. आज थांब. मला भीती वाटतेय गं."

दीपालीला भीती! जिला कशाची वाटत नव्हती, तिला. आणि मला काय वाटलं असेल? दया? नाही. मला वाटलं, आज तरी मी हिच्याशिवाय एकटी कुठेतरी जाईन. पाण्याची बाटली तिच्या उशाशी ठेवली, पॅरासिटामॉलची पट्टी ठेवली, 'साधा ताप आहे, उद्या दुपारपर्यंत येतेच' म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

दुपारी बोटीच्या वरच्या डेकवर मी पाय पसरून बसले होते तेव्हा फोन थरथरला. पडद्यावर वरच तिचा मेसेज आला — 'उलट्या थांबत नाहीयेत. परत ये ना.' मी वाचला. पूर्ण वाचला. उघडला नाही, कारण उघडला तर तिकडे टिका निळ्या होतात, वाचल्याचं कळतं. अंगठ्याने बाजूला सारला. बोट दिवसभर किनाऱ्याला लागणार नव्हती, हे खरं. पण खाली नावाडी होता, गाईड होता, त्याच्याकडे फोन होता, हॉस्टेलला एक फोन लावायला किती वेळ लागतो? मी खाली गेलेच नाही. आणि ऐक — त्या दिवशी मी एकही फोटो कुठे टाकला नाही. रेंज होती हे कळलं असतं म्हणून. म्हणजे अजून कुणी काही विचारलंही नव्हतं, आणि माझं खोटं तयार होऊन बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी परतले तर तिची खाट रिकामी. चादरी बदलणाऱ्या बाईने तिला जमिनीवर पडलेली बघितलं आणि रिक्षासारख्या कशात तरी घालून दवाखान्यात नेलं. डेंग्यू. मी पोचले तेव्हा ती बाई तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवून बसली होती. एकमेकींची भाषा येत नव्हती त्यांना. बाईने माझ्याकडे बघितलं, उठली, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि गेली. तिचं नावही मी विचारलं नाही.

तेवढ्यात माझ्या फोनवर संदेशदादाचा फोन. दीपाली फोन उचलत नाही म्हणून घाबरला होता. मी व्हरांड्यात गेले. दवाखान्यात आहे म्हटल्यावर तो ओरडलाच, "आणि तू कुठे होतीस?"

इथे मी खरं बोलू शकले असते. चार शब्दांचं काम. मी म्हणाले, "दादा, मी नको नको म्हणत होते. हॉस्टेलातल्या मुलांबरोबर ती रोज बाहेर जायची. प्यायली पण होती. माझं ऐकतच नव्हती."

मुलं, दारू, ऐकत नाही. कुठून आलं हे? मला माहीत होतं, याच्यापुढे कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही. आपल्याकडे मुलीबद्दल एवढं म्हटलं की पुरतं. ज्यांनी ते लगेच मानलं त्यांचाही मला राग येतो — सख्खा भाऊ, एकदाही म्हणाला नाही की माझी बहीण तशी नाही! पण त्यांच्या कानात मीच ओतलं.

ती बरी झाली, आम्ही परत आलो, आणि आठ दिवसांनी त्यांनी मला नागावला बोलावलं. ओटीवर दादा, काकी, आणि खांबाला टेकून दीपाली. हाडं वर आलेली. तिने घरी सगळं खरं सांगितलं होतं. दादाने तिचा फोन माझ्यापुढे धरला. "हिचा मेसेज तू बघितला होतास?"

"बोटीवर रेंज नव्हती, दादा."

दीपाली म्हणाली, "दोन टिका आहेत. पोचला होता."

"किनाऱ्यावर आल्यावर पोचला असेल. मी थेट हॉस्टेलला धावले, फोन बघितलाच नाही."

दादाने फोन बहिणीपुढे नाचवला. "बघ, करड्या आहेत. वाचलाच नाही तिने. अजून किती खोटं बोलशील?"

काकी माझ्या जवळ आली. माझी हनुवटी धरली. "माजी पोरगी अशी न्हाय गं. तू तरी खरं सांग, बाय." तिच्या हातांना ओल्या खोबऱ्याचा वास येत होता. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "काकी, मी तिला वाचवायला बघत होते."

दीपाली खांब सोडून आत निघून गेली.

गोवा रद्द झालं. पासपोर्ट दादाच्या कपाटात गेला. ती आता घरच्या पाहुण्यांचं बघते, चादरी बदलते, पाठीवर सॅक घेऊन आलेल्यांना मासे तळून वाढते. आणि मी? मी पुढे शिकले, नोकरीला लागले, अजून तीन देश फिरले. परदेश फिरलेली गावातली पहिली मुलगी म्हणून माझा सत्कार झाला. शाळेच्या हॉलमध्ये माईकवरून मी मुलींना सांगितलं — मैत्रीण आजारी पडली तर तिला एकटं सोडू नका. हे मी म्हणाले. टाळ्या पडल्या. थू आहे माझ्यावर.

गेल्या डिसेंबरात ती मला आगरदांड्याला दिसली. दिघीला गाड्या नेणारी फेरीबोट सुटायची होती, ती पाहुण्यांना श्रीवर्धनला घेऊन चालली होती, गाडी स्वतः चालवत. बोट सुटली, पळायला जागा नव्हती. ती कठड्यापाशी येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मला वाटलं, आता बोलेल, शिव्या देईल. द्याव्यात, असंही वाटलं.

तिने विचारलं, "तिथलं पाणी खरंच हिरवं होतं का गं?"

टोमणा नव्हता त्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

आणि मी सांगितलं. माफी मागितली नाही, सांगितलं. डोंगर कसे सरळ पाण्यातून वर येतात, एका गुहेत होडी कशी वाकून न्यावी लागते, सकाळी धुक्यातून कोंबड्याचा आवाज आला तेव्हा कळलं की पाण्यावरही घरं आहेत. ती ऐकत होती. मी हात हलवून हलवून सांगत होते. मला मजा येत होती. ऐकलंस? मला सांगताना मजा येत होती.

फेरी दिघीला लागली. पाहुणे गाडीत बसले होते. "बरं झालं सांगितलंस," म्हणाली आणि गेली.

संदेशदादा अजून ओळखीच्यांना माझं उदाहरण देतो. त्याला मी काही सांगितलेलं नाही. काकीलाही नाही. दीपाली मला थांब म्हणाली होती, मी ऐकलं होतं आणि गेले होते.